जुन्या गाडीचा कार्बोरेटर : ओळख आणि बदल



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या महाराष्ट्रात उन्हाळा आला की आंब्यांबरोबर व्याख्यानेही येतात. त्यांतून वेदान्त झाला, इतिहास झाला, अर्थशास्त्र झाले. कार्बोरेटर मात्र अशा व्यासपीठावर क्वचितच येऊन बसला असेल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हटले, चळवळीवर बोलणारे पुष्कळ आहेत, कामगार जे काम करतो त्यावर बोलणारे थोडे. चालकांनी ते मानले, याबद्दल त्यांचे आभार.

माझी शाळा आठवीत सुटली. गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो तो पाने पुसायला. पुढचे शिक्षण रद्दीत मिळालेली इंजिनांची पुस्तके आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश यांच्या जोरावर झाले. नंतर संघटनेच्या कामात पडलो आणि गॅरेजवाले, ट्रकवाले, क्लीनर यांच्यातच आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे गेली. तेव्हा आज मी सांगेन ते विद्वानाचे सांगणे नव्हे, हाताला तेल लागलेल्या माणसाचे आहे, एवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

प्रश्न अगदी लहान आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीची एक पिकअप, म्हणजे मागे मालाचा हौदा असलेली छोटी गाडी, दारात उभी आहे. तिचा कार्बोरेटर बिघडला असे कोणी म्हणतो. तो कार्बोरेटर कोणता हे कसे ओळखावे, आणि बदलायचा तर कसा बदलावा? परंतु एवढ्याशा प्रश्नात एखाद्या कारागिराची कित्येक महिन्यांची मजुरी आणि एखाद्या गाडीची राखरांगोळी, दोन्ही अडकलेली असू शकतात. म्हणून हा विषय.

प्रथम कार्बोरेटर करतो काय ते पाहू. पेट्रोल पातळ असताना इंजिनात नीट जळत नाही. त्याचे बारीक तुषार करून ते हवेत मिसळावे लागते, आणि तेही हिशेबाने. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा लागते. हवा हलकी, म्हणून आकारमानाने हा हिशेब फार मोठा होतो. एक लिटर पेट्रोल पुरते जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. म्हणजे आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते, पण ती खरी खाते हवा. पेट्रोल तोंडी लावण्यापुरते. हे प्रमाण राखणारा स्वयंपाकी म्हणजे कार्बोरेटर.

त्याची युक्ती साधी आहे. नळी मध्ये अरुंद केली की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन पंडिताने ही गोष्ट १७९७ साली पाण्याच्या प्रवाहावर प्रयोग करून मांडली. त्या अरुंद जागी पेट्रोलची बारीक नळी उघडी ठेवली की हवाच पेट्रोल ओढून घेते. लग्नात गुलाबपाणी उडविण्याचे फवाऱ्याचे यंत्र असते, त्याचे आणि कार्बोरेटरचे कूळ एकच.

परंतु गाडी काही एकाच चालीने चालत नाही. उभी असते, चढते, उतरते, एकदम धावते. प्रत्येक वेळची भूक निराळी. म्हणून कार्बोरेटरच्या पोटात पाच-सहा वेगवेगळ्या सोयी केलेल्या असतात. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो आणि टाकी भरली की तो नळ बंद करतो. तसाच येथे फ्लोट असतो आणि तो नीडलला दाबून पेट्रोलची पातळी कायम राखतो. गाडी उभी असताना इंजिन मंद चालावे म्हणून स्लोचा वेगळा मार्ग असतो. नेहमीच्या चालीला मुख्य जेट असतो. पाय एकदम दाबला तर हवा आधी धावते आणि पेट्रोल मागे राहते, म्हणून एक छोटा पंप पिचकारी मारतो. चढावर जास्तीचे पेट्रोल देणारी झडप असते. आणि सकाळी थंड इंजिन सुरू करायला हवा कोंडणारा चोक असतो. यांपैकी कोणती सोय बिघडली हे गाडीच्या वागण्यावरून कळते. स्लोला बंद पडते पण पळताना ठीक, तर स्लोचा मार्ग तुंबला. पाय दाबताच एक गचका खाते, तर पंपाचे चामडे वाळले. काळा धूर आणि पेट्रोलचा वास, तर पातळी चढली. चांगला मिस्त्री झाकण उघडण्यापूर्वीच निम्मे निदान करतो, ते असे.

आता गाडी घेऊ. मी उदाहरणादाखल शेव्हरोले ३१०० ही अमेरिकन पिकअप घेतो, कारण तिच्यासंबंधी माहिती पक्की आहे आणि तिच्या घराण्याशी आपला संबंधही आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. परदेशातून पेट्यांतून भाग यायचे आणि शिवडीचे कामगार त्यांतून शेव्हरोले मोटारी आणि ट्रक उभे करायचे. पुढे, येथे प्रत्यक्ष उत्पादन न करता केवळ जुळणी करणाऱ्यांना थारा द्यायचा नाही असे सरकारचे धोरण ठरले आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. गाड्या मात्र नंतर कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर होत्या, आणि त्यांना जिवंत ठेवले ते गल्लीबोळांतील मिस्त्र्यांनी.

३१०० ही त्या घराण्यातील अर्ध्या टनाची पिकअप. १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तिचा नवा घाट बाजारात आला आणि १९५५ च्या आरंभापर्यंत चालला. तिच्यात प्रथम २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. १९५४ पासून २३५ घन इंचांचे आले. हे २१६ चे इंजिन निघाले १९३७ सालच्या गाड्यांसाठी. त्याच हिवाळ्यात मिशिगनमधील फ्लिंट गावी कामगारांनी कारखान्यात ठाण मांडून तो प्रसिद्ध बैठा संप केला. ३० डिसेंबर १९३६ ला संप सुरू झाला, १ फेब्रुवारी १९३७ ला त्यांनी शेव्हरोलेची इंजिने तयार करणारा चौथ्या क्रमांकाचा कारखाना ताब्यात घेतला आणि ११ फेब्रुवारीला कंपनीला त्यांच्या युनियनशी करार करावा लागला. मी युनियनचा माणूस. त्या इंजिनाचे झाकण उघडताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. पण गोष्टीने इंजिन चालत नाही. पुढे जाऊ.

ओळखीचे काम तीन पायऱ्यांनी करावे. पहिली पायरी गाडीची, दुसरी इंजिनाची, तिसरी कार्बोरेटरची. पुष्कळ घोटाळे होतात ते पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी मारल्याने. मालक सांगतो, गाडी अमुक सालची. कागदावरही तेच असते. पण सत्तर वर्षांत इंजिन तेच राहिले असेल असे कोणी सांगावे? २१६ काढून २३५ बसविणे तर अगदी नेहमीचे. म्हणून इंजिन डोळ्यांनी पाहावे. २१६ च्या कुशीला पत्र्याचे एक मोठे झाकण असते, ते स्पार्क प्लगांच्याही वरपर्यंत जाते आणि त्यात प्लगांसाठी जागा कापलेल्या असतात. १९५४ नंतरच्या २३५ मध्ये हे झाकण आखूड असून प्लगांच्या खालीच थांबते. शिवाय डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट जागेवर इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो. तो चिंधीने पुसून, खडू चोळून वाचावा आणि लिहून घ्यावा.

मग कार्बोरेटर. या गाड्यांत मुख्यतः दोन जातींचे आढळतात. सुमारे १९५० पर्यंत कार्टर कंपनीचा डब्ल्यू-१ आणि त्यानंतर जनरल मोटर्सच्याच रॉचेस्टर विभागाचा बी. दोन्ही एका तोंडाचे, दोन्हींत हवा वरून खाली जाते, दोन्ही दोन बोल्टांवर बसतात. लांबून पाहणाऱ्याला सख्खे भाऊ वाटावेत. पण स्वभाव निराळे. कार्टरमध्ये मुख्य जेटच्या भोकात एक पितळी सळई वरखाली होते. ती एका बाजूला बारीक होत गेलेली असते आणि पाय जसा दाबावा तशी उचलली जाऊन पेट्रोलला वाट मोकळी करते. या सळईची उंची मापाने लावावी लागते, अंदाजाने नव्हे. रॉचेस्टरमध्ये पेट्रोलची वाटी मधल्या नळीला वेढून असते आणि फ्लोटसह कामाचे बहुतेक भाग वरच्या झाकणाला लटकलेले असतात. झाकण उचलले की सगळा संसार हातात येतो. दुरुस्तीला हे सोयीचे, पण त्याच्यात एक खोड आहे. स्क्रू फार आवळले आणि खालून उष्णता लागली की झाकण वाकते. मग जोडातून हवा शिरते, चढावर पेट्रोल देणारी झडप इंजिनाच्या ओढीने बंद व्हायची ती होत नाही आणि गाडी सपाटीवरही चढावरचे पेट्रोल पिते. मालक म्हणतो, मिस्त्रीने पेट्रोल चोरले. बिचारा मिस्त्री!

नेमका नमुना कळतो तो बिल्ल्यावरून. झाकणाच्या एका स्क्रूखाली छोटा धातूचा बिल्ला अडकवलेला असतो. कार्टर डब्ल्यू-१ च्या बिल्ल्यावर सामान्यतः तीन आकडे आणि पुढे एस हे अक्षर असते. रॉचेस्टरवर बहुधा ७० ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक असतो. येथे एक सावधगिरी सांगतो. अंगावर ओतीव उठावात जे आकडे दिसतात ते त्या ओतकामाचे असतात. एकाच साच्यातून निघालेल्या अंगावर वेगवेगळे जेट बसवून वेगवेगळे नमुने करीत. तेव्हा ओतीव आकडा म्हणजे नमुन्याचा नंबर समजून दुकानात मागणी करणे, हे आडनाव सांगून माणूस शोधण्यासारखे आहे. गावात कुलकर्णी पन्नास असतात.

आणि बिल्ला हरवलेला असेल तर? बहुतेक वेळा हरवलेलाच असतो, कारण कोणीतरी पूर्वी झाकण उघडले आणि बिल्ला परत लावला नाही. मग मापे घ्यायची. बैठकीच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर. खालच्या तोंडाचा व्यास. वर एअर क्लीनर बसतो त्या गळ्याचा व्यास. पेट्रोलच्या नळीचे आटे. पायाच्या दांड्याची जोडणी कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर. चोक तारेने ओढायचा की आपोआप चालणारा. आणि डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी कोठून निघते. पुढच्या काळात रॉचेस्टरचाच मोनोजेट निघाला, पण त्याची बैठक या जुन्या इंजिनाच्या बोल्टांशी जुळत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बैठकीचा ठसा काढावा आणि तो दुकानात न्यावा. दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा तो कागद अधिक खरे बोलतो.

ती शेवटची बारीक नळी मी मुद्दाम शेवटी सांगितली, कारण तिच्यामुळे एका मुलाची मजुरी गेली होती. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गॅरेजात जुनी फोर्ड एफ-१०० पिकअप आली. मालक हौशी, गाडी चित्रपटाला आणि लग्नाला भाड्याने देत. त्यांनी स्वतःच कोठून तरी नवा कार्बोरेटर आणला होता आणि तो बसवून द्या म्हणाले. गॅरेजातील बावीस वर्षांच्या मुलाने तो बसविला. बोल्ट जुळले, नळी जुळली, गाडी सुरू झाली, मालक खुशीत घेऊन गेले. घाटात मात्र गाडी ओढेना. पाय पुरता दाबला की जोर येण्याऐवजी मरे. इंजिन तापले, हेडचे पॅकिंग उडाले. मालकांनी भरपाई मागितली, गॅरेजवाल्यांनी ती दिली आणि मुलाच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कापायला सुरुवात केली. त्याला विचारले नाही, ऐकून घेतले नाही.

तो मुलगा आमच्याकडे आला. आम्ही प्रथम कायदा काढला नाही. प्रथम बॉनेट उघडले. त्या काळच्या फोर्डच्या पुष्कळ इंजिनांवर लोडोमॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर असे. साधारण डिस्ट्रिब्युटरमध्ये वेग वाढला की आतील वजने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडू लागते. लोडोमॅटिकमध्ये ही वजनेच नाहीत. ठिणगी पुढे-मागे करण्याचे सगळे काम तो कार्बोरेटरकडून येणाऱ्या ओढीवर करतो, आणि त्यासाठी त्याच्या जोडीच्या कार्बोरेटरमध्ये दोन जागांची ओढ एकत्र करण्याची खास सोय ठेवलेली असते. एक अरुंद गळ्यातली, दुसरी खालच्या बटरफ्लायजवळची. साधा कार्बोरेटर त्या जागी बसविला तर तो बसतो, गाडी सुरूही होते. पण चढावर पाय पुरता दाबला की बटरफ्लायजवळची ओढ नाहीशी होते, ठिणगी मागे पडते, जोर जातो आणि इंजिन तापते. त्या गाडीचे जे झाले ते अक्षरशः हेच. दोष बसविणाऱ्या हाताचा नव्हता, निवडणाऱ्याचा होता. आणि निवड मालकाची होती.

आम्ही जुना कार्बोरेटर, नवा कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर अशी तीन वस्तू टेबलावर मांडली आणि गॅरेजवाल्यांना नळीचा मार्ग बोटाने दाखविला. कायदा मग सांगितला. नुकसानीबद्दल पगारातून काही कापायचे असेल तर आधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात ही अट होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. कापलेले पैसे परत मिळाले. पण माझ्या मनात राहिले ते वेगळेच. टेबलावर ती नळी दाखवता आली नसती तर आमचा कायदा लंगडा पडला असता. संधी मिळाली तरी त्या मुलाने सांगितले काय असते? त्याला एवढेच ठाऊक होते की आपण नीट बसविले. ते नीट का चालले नाही, हे सांगायला ज्ञान लागते. ज्या कामगाराला आपल्या कामाचे कारण सांगता येते, त्याच्यावर दुसऱ्याचा दोष लादणे कठीण जाते.

त्या दिवसापासून आम्ही गॅरेजातील पोरांना एक सवय लावली. गाडी आली की वहीत लिहायचे : गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, काढलेल्या भागाचा बिल्ला, बसविलेल्या भागाचा बिल्ला, आणि भाग कोणी आणला. खाली गिऱ्हाइकाची सही. पाच ओळींचा हा कागद. मालकांनी आरंभी कुरकुर केली. पुढे त्यांच्याच ध्यानात आले की हा कागद त्यांचेही रक्षण करतो.

आता बदलण्याकडे वळतो. परंतु त्याआधी कार्बोरेटर खरोखर दोषी आहे का, हे पाहिले पाहिजे. कार्बोरेटरच्या नावावर जमा होणारे पुष्कळ दोष करंटचे असतात. पॉइंट जळलेले, कंडेन्सर गेलेला, टायमिंग सरकलेले. गाडी मिसिंग करते आणि खापर कार्बोरेटरवर फुटते. म्हणून आधी प्लग आणि पॉइंट पाहावेत. मग टाकीतली घाण, जाळी आणि पेट्रोलचा पंप. मग मॅनिफोल्ड कोठे हवा घेतो का ते. यासाठी रबराच्या नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे जोडांभोवती फिरवावे. हवा शिरत असेल तेथे फुसकारा ऐकू येतो. डॉक्टर छाती तपासतो तसेच हे. इतके करून दोष उरला तर कार्बोरेटर उघडावा. आणि उघडल्यावर फक्त घाण, वाळलेले चामडे किंवा झिजलेली नीडल एवढेच निघाले, तर बदलण्याचे कारण नाही. धुऊन, नवे पॅकिंग आणि नीडल घालून तो पुन्हा कामाला लागतो. बदलायचा तो अंग तडकले असेल, झाकण सरळ होण्यापलीकडे वाकले असेल, किंवा बटरफ्लायचा दांडा भोकात इतका खुळखुळत असेल की तेथूनच हवा शिरते, तर.

काढताना इंजिन थंड हवे आणि बॅटरीची तार सुटलेली हवी. या शेव्हरोलेत कार्बोरेटर बरोबर एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर बसतो. पेट्रोलला ऊब मिळावी म्हणून ही योजना आहे, पण गळणारा थेंब पडतो तो तापलेल्या लोखंडावर. जुन्या गाड्या पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो; त्यांतल्या कित्येकांची सुरुवात अशा एका थेंबात असू शकते. म्हणून विडी-सिगारेट दूर, वाळूची बादली जवळ. पेट्रोलची नळी सोडताना दोन पाने लावावेत, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर नळीच पिळवटते. दांडे, तारा, क्लिपा काढताना कोणते कोठे होते याचे चित्र काढावे. आता खिशात फोन असतो, छायाचित्र घ्यावे. कार्बोरेटर उचलला की खालचे भोक ताबडतोब स्वच्छ चिंधीने झाकावे. त्या भोकात पडलेला एक नट संबंध इंजिन खोलायला लावतो.

जुने पॅकिंग खरवडून बैठक आरशासारखी करावी आणि सरळपट्टी ठेवून वाक पाहावा. नवे पॅकिंग जुन्याच्याच जाडीचे असावे, आणि मध्ये उष्णता अडविणारा ठोकळा असेल तर तो विसरू नये. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू जोराने आवळली तर बैठकीचा कान तुटतो, आणि तो आवाज ज्याने ऐकला तो जन्मभर विसरत नाही. मग दांडे जोडून पाय दाबून पाहावा : बटरफ्लाय पुरते उघडते का, आणि पाय सोडताच स्प्रिंगने आपण होऊन मिटते का. हे न पाहता गाडी रस्त्यावर काढणे म्हणजे लगाम न लावता घोडा सोडणे होय. त्यानंतर पेट्रोल भरून काही मिनिटे नुसते पाहत बसावे. कोठे ओल नाही ना? नसेल तरच स्टार्टर.

स्लोचा स्क्रू हलक्या हाताने पुरता आत नेऊन दीड फेरा बाहेर आणावा, ही सुरुवात. इंजिन चांगले तापू द्यावे, चोक पुरता उघडावा आणि मग तो स्क्रू पाव पाव फेरा आत-बाहेर करीत इंजिन सर्वांत गुळगुळीत कोठे चालते ते कानाने शोधावे. मंद चाल मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांवर आणावी. ही जुनी इंजिने इतकी संथ चालतात की नव्या माणसाला ती बंद पडणार असे वाटते. ती पडत नाहीत.

येथवर जुन्या काळचे झाले. पण गाडी आजचे पेट्रोल पिते, हे विसरून चालत नाही. आपल्या देशात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते किंवा खाते आणि टाकीत साठलेला गाळ सोडवून जेटपर्यंत आणते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. तेव्हा कार्बोरेटर बदलताना नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि नीडल हे इथेनॉल सोसणारे घ्यावेत, जेट किंचित मोठा लागतो का ते प्लगांचा रंग पाहून ठरवावे, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

दुसरी गोष्ट सरकारी नियमांची. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, वैयक्तिक वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी असेल तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असता कामा नये. आता हे मूळ स्वरूप कोण सिद्ध करणार? कागदपत्रे गेलेली, कंपनी येथून गेलेली. सिद्ध करतो तो तोच छोटा बिल्ला आणि तो वाचणारा मिस्त्री. म्हणून जुना कार्बोरेटर बदलला तरी फेकू नये. बिल्ल्यासकट पुसून, कापडात बांधून ठेवावा. कबाडीला तो किलोच्या भावाने जातो आणि त्याच्याबरोबर गाडीच्या जन्माचा एक पुरावा जातो.

आणि पुरावे नुसते गाड्यांचे जात नाहीत, माणसांचेही जातात. आपल्याकडे मोटारींतून कार्बोरेटर गेल्या शतकाच्या अखेरीस जाऊ लागला आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची नवी मानके आली तेव्हा बहुतेक नव्या दुचाकींतूनही गेला. संगणकाच्या हुकमाने पेट्रोल मोजून देणारी यंत्रणा त्याच्या जागी आली. ती अधिक स्वच्छ आहे, अधिक काटकसरीची आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्यांनी कार्टर कार्बोरेटर घडविले त्यांची सेंट लुईस येथील फॅक्टरी १९८४ साली बंद झाली आणि मागे जमिनीत विषारी रसायने राहिली. ती साफ करण्याचे काम पुढे अमेरिकन सरकारला हाती घ्यावे लागले. म्हणजे जुना काळ सोन्याचा होता असे म्हणायचे कारण नाही. नळीत फुंकून जेट साफ करणाऱ्या आमच्या कित्येक मिस्त्र्यांनी पेट्रोल तोंडात घेत आयुष्य काढले. तो काळ परत यावा असे मी कशाला म्हणू?

माझे म्हणणे इतकेच की यंत्र जाते तेव्हा ते चालविण्याचे ज्ञान कोणाच्या नावावर राहते, हे आपण पाहत नाही. कार्बोरेटर शोधणाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. पण कानाने मंद चाल लावणारे, वाकलेले झाकण काचेवर घासून सपाट करणारे, भाग मिळत नसताना चामड्याची चकती कापून पंप चालू करणारे जे हजारो लोक आपल्या गावोगावी होते, त्यांच्या ज्ञानाची एक ओळ कोठे लिहिलेली नाही. ते साठीला आले, सत्तरीला आले. त्यांच्या हाताखाली आता कोणी शिकत नाही, कारण त्या विद्येचे पैसे मिळत नाहीत. आणि ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत ते मात्र मिस्त्री मिळत नाही म्हणून हळहळतात! ही हळहळ दूर करण्याचा उपाय अवघड नाही. अशा मिस्त्रीला कामाची घाई करू नका, ओळखायला लागणाऱ्या वेळाची मजुरी द्या. आपण डॉक्टरला निदानाचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो. मिस्त्रीला मात्र पाना फिरवला तरच देतो, आणि पाना कोठे फिरवू नये हे त्याने सांगितले तर काहीच देत नाही. मग तो पाना फिरवतो. दोष कोणाचा?

येथे बसलेल्यांपैकी थोड्यांच्याच दारात जुनी पिकअप असेल. पण प्रत्येकाच्या घरी काहीतरी बिघडते आणि कोणीतरी कारागीर ते पाहायला येतो. तो वस्तू खोलण्यापूर्वी थोडा वेळ नुसता पाहत बसला, तर वेळ काढतो असे समजू नका. त्याला विचारा, काय पाहता? तो सांगेल, आणि तुम्हालाही काही कळेल. आणि श्रोत्यांत जे तरुण कारागीर आहेत त्यांना सांगतो : बिल्ला वाचा, माप घ्या, वहीत लिहा, सही घ्या. इंग्रजी येत नसेल तर अडू नका. आकडे वाचायला इंग्रजी लागत नाही आणि शब्दकोश रद्दीतही मिळतो.